‘सेट’चे तीन रविवार: राजारामपुरीतील एका इंग्रजी वर्गाचे परीक्षण

कोल्हापूरच्या उद्यमनगरातील स्प्रिंगा तयार करणाऱ्या एका लहान कारखान्यात मी गेली अकरा वर्षे हिशेब आणि पत्रव्यवहार सांभाळते. गेल्या वर्षी कोइमतूरच्या एका व्हॉल्व्ह बनवणाऱ्या ग्राहकाकडून एका ओळीचा ई-मेल आला: ‘द स्प्रिंग्ज हॅव टेकन अ सेट.’ आम्ही त्यांना नमुन्यादाखल स्प्रिंगांचा एक संच पाठवला होता. तो त्यांनी घेतला, म्हणजे माल पसंत पडला, असा सरळ अर्थ मी लावला आणि आभाराच्या दोन ओळी लिहून सोबत पुढच्या खेपेचे दरपत्रकही धाडून दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. पलीकडचे गृहस्थ रागावलेले नव्हते, पण हसतही नव्हते. साठ मिलिमीटर उंचीच्या आमच्या स्प्रिंगा चाचणीत दाबून सोडल्यावर पुन्हा साठवर येत नव्हत्या, सत्तावन्नवरच थांबत होत्या, आणि धातूच्या या कायमच्या दबण्यालाच इंग्रजीत ‘सेट’ म्हणतात, हे त्यांनी मला शांतपणे समजावून सांगितले. ज्या तक्रारीबद्दल मी आभार मानले होते, ती तक्रार मालकांच्या कानावर गेली आणि त्याच आठवड्यात त्यांनी माझे नाव राजारामपुरीतील एका इंग्रजी वर्गात घातले.

हा वर्ग नेहमीच्या ‘स्पोकन इंग्लिश’सारखा नाही, आणि म्हणूनच त्याच्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले. येथे व्याकरणाची उजळणी नाही, मुलाखतीची घोकंपट्टी नाही. बारा रविवारांत इंग्रजीतील केवळ सहा-सात शब्द शिकवले जातात, आणि तेही सगळ्यांना पहिलीपासून ठाऊक असलेले: गेट, टेक, पुट, रन, मेक यांसारखे. शिकवणाऱ्या सरांचे म्हणणे असे की कोल्हापूरच्या माणसाचे इंग्रजी अवघड शब्दांपाशी अडत नाही, ते सोप्या शब्दांपाशी घसरते. माझा अनुभव पाहता या म्हणण्याला माझी ना नाही. बारापैकी तीन रविवार एकट्या ‘सेट’ या शब्दासाठी राखलेले आहेत. या परीक्षणात मी मुख्यतः त्या तीन रविवारांविषयीच लिहिणार आहे, कारण वर्गाची सगळी बलस्थाने आणि त्याचा एक मोठा दोष त्या सहा तासांत पूर्णपणे दिसून आला.

आधी व्यवहाराच्या गोष्टी. शुल्क साडेचार हजार रुपये असून ते एकदम भरावे लागते. वेळ रविवारी सकाळी नऊ ते अकरा. वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे आणि जिना अरुंद व उभा आहे, त्यामुळे गुडघेदुखी असणाऱ्यांनी विचार करूनच नाव नोंदवावे. तुकडीत अठरा जण असतील असे सांगितले होते, प्रत्यक्षात आम्ही सत्तावीस होतो, आणि शेवटच्या दोन बाकांवरून फळा वाचता येत नव्हता. दहा वाजता मिळणारा चहा मात्र चांगला असतो.

पहिल्या रविवारी सर हातात एक वाडगा, एक गजराचे घड्याळ आणि प्लास्टर ऑफ पॅरिसची पुडी घेऊन आले. एक शब्दही न बोलता त्यांनी वाडग्यात पाणी घेतले, प्लास्टर कालवले, वाडगा टेबलावर ठेवला आणि ‘आय सेट द बोल ऑन द टेबल’ असे फळ्यावर लिहिले. मग घड्याळाला गजर लावला आणि दुसरे वाक्य लिहिले. पुढची वीस मिनिटे जेवणाची पाने घेणे, लग्नाची तारीख ठरवणे, प्रश्नपत्रिका काढणे, पायंडा पाडणे, काडी लावणे अशा एकेका कामाचे वाक्य तयार होत गेले. प्रत्येक वाक्यात तोच एक शब्द, आणि तोही भूतकाळात तिळभर न बदलणारा. मध्येच घड्याळ खणखणले. सरांनी वाडगा उचलून तळाशी बोटाने टकटक केली, आवाज घट्ट आला, आणि वाडगा त्यांनी पहिल्या बाकावर दिला. तो हातोहात माझ्यापर्यंत आला तेव्हा चांगलाच कोमट लागत होता, कारण प्लास्टर पाणी धरून घट्ट होताना उष्णता बाहेर टाकते. ‘नाऊ इट हॅज सेट,’ असे सर म्हणाले. माझ्या शेजारी बापट कॅम्पातील मूर्तिकाराचा मुलगा बसला होता. साच्यात ओतलेले प्लास्टर केव्हा धरते याचा अंदाज त्याच्या बोटांना लहानपणापासून आहे, पण त्या धरण्याला इंग्रजीत हाच शब्द आहे, हे त्याला त्या दिवशी कळले. सिमेंटच्या पोत्यावरील ‘सेटिंग टाइम’ हाही याच जातीचा. साध्या पोर्टलँड सिमेंटने तीस मिनिटांच्या आत धरू नये आणि सहाशे मिनिटांच्या पलीकडे लांबू नये, असे भारतीय मानक सांगते. इतक्या थोड्या सामानात इतके शिकवणारा दुसरा वर्ग मी पाहिलेला नाही, आणि पहिल्या रविवारला मी पैकीच्या पैकी गुण देते.

दुसऱ्या रविवारी ‘सेट’च्या मागे लागणाऱ्या शेपट्या आल्या: आउट, ऑफ, इन, अप, बॅक, असाइड. येथे वर्गातील माणसांच्या निरनिराळ्या व्यवसायांचा फार उपयोग झाला. आमच्यात एका वकिलांच्या कार्यालयातील कारकून होते. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाल्यापासून त्यांच्या टेबलावर इंग्रजी निकालपत्रांची रास वाढली आहे. बायको महिन्याच्या पगारातून काही रक्कम ‘सेट असाइड’ करते, ती राखून ठेवते, आणि न्यायालय खालच्या कोर्टाचा आदेश ‘सेट असाइड’ करते, ते मात्र तो रद्द ठरवते. एकाच शब्दजोडीने एका ठिकाणी वस्तू जपली जाते आणि दुसऱ्या ठिकाणी मोडीत निघते. आपल्या अशिलाला एकदा हे उलटे सांगून बसल्याची कबुली त्यांनी दिली, तेव्हा माझ्या आभारपत्राचे दुःख थोडे हलके झाले. घर बांधणारे एक गृहस्थ ‘सेटबॅक’ म्हणजे रस्त्याच्या बाजूला सोडायची मोकळी जागा एवढेच समजत होते. बातम्यांत एखाद्या पक्षाला ‘सेटबॅक’ बसला असे ऐकले की त्यांना महापालिकेने नोटीस काढली असावी असे वाटे. वर्गात यावर बराच हशा झाला, पण त्यांची चूक तर्काला धरूनच होती.

दोष आहे तो पुस्तिकेत. शुल्कात मिळणाऱ्या चौसष्ट पानांच्या या पुस्तिकेत ‘सेट’चे अठ्ठेचाळीस उपयोग इंग्रजी वर्णानुक्रमाने छापलेले आहेत. त्यामुळे मोडलेले हाड, टेनिसचा डाव, करवतीचे आलटून-पालटून वाकवलेले दात आणि मावळणारा सूर्य हे सगळे एकाखाली एक, कोणाचा कोणाशी संबंध नसल्यासारखे उभे आहेत. ‘सेट अप’ हे क्रियापद दोन शब्दांत लिहायचे आणि ‘सेटअप’ हे नाम एका शब्दात, हा साधा भेदही तेथे पाळलेला नाही. पहिल्याच पानावर मात्र ठळक अक्षरांत सांगितले आहे की ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशाच्या १९८९ च्या वीस खंडांच्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद याच शब्दाची होती, ती सुमारे साठ हजार शब्दांची होती आणि तिच्यात ४३० अर्थ दिलेले होते. माहिती खरी आहे. पुढे ‘रन’ या क्रियापदाच्या सुधारित नोंदीत ६४५ अर्थ झाले आणि ‘सेट’चे ते पद गेले, हे मात्र पुस्तिकेत नाही. परंतु चारशे तीस हा आकडा नवशिक्याच्या तोंडावर फेकल्याने त्याची छाती दडपण्यापलीकडे काय साधते, हे मला समजलेले नाही.

या आकड्याने मराठी माणसाने घाबरावे असे त्यात खरोखर काही नाही, कारण आपल्या घरातही असे शब्द आहेत. दिवा लावला की तो पेटतो आणि दार लावले की ते बंद होते. विरजण लावतात, रोप लावतात, जीव लावतात आणि वाटही लावतात, आणि त्यात कोणाचाही गोंधळ होत नाही.

‘सेट’च्या बाबतीत तर किल्ली याहूनही जवळ आहे. जुन्या इंग्रजीत ‘सित्तन’ म्हणजे बसणे आणि त्यापासून झालेले ‘सेत्तन’ म्हणजे बसवणे. आजचे ‘सिट’ आणि ‘सेट’ हीच ती जोडी. आपण शाळेत ज्याला प्रयोजक क्रियापद म्हणून शिकलो, तोच हा प्रकार आहे. पडणे-पाडणे या आपल्या जोडीशेजारी इंग्रजीतील ‘फॉल’ आणि झाड पाडण्यासाठी वापरले जाणारे ‘फेल’ ठेवून पाहिले की दोन्ही भाषा एकाच वळणाने चालल्याचे दिसते. एकदा ‘सेट म्हणजे बसवणे’ हे धरले, की पुस्तिकेतील अठ्ठेचाळीसपैकी निम्मे उपयोग शिकवावेच लागत नाहीत. तालमीतील वस्ताद निखळलेले हाड बसवतात. गुजरीतील, म्हणजे आमच्या सराफ पेठेतील, कारागीर कोंदणात खडा बसवतो. संगीतकार गीताला चाल बसवतो. नवा व्यवस्थापक कारखान्याची घडी बसवतो, आणि परगावाहून आलेला दुकानदार दोन वर्षांत आपले बस्तान बसवतो. या प्रत्येक ठिकाणी इंग्रज माणूस ‘सेट’ किंवा ‘सेट अप’ म्हणेल. जेथे ‘बसवणे’ चालत नाही, तेथे बहुधा ‘लावणे’, ‘मांडणे’ किंवा ‘ठेवणे’ चालते. कैद्याला ‘सेट फ्री’ करणे यासारखे थोडे उपयोग या चारांच्याही बाहेर राहतात, आणि ते पाठच करावे लागतात, हेही मान्य केले पाहिजे.

या सगळ्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट पुस्तिकेत यायला हवी होती. समूह या अर्थाचा ‘सेट’ हा मुळात वेगळा शब्द आहे. तो लॅटिनमधील ‘सेक्टा’पासून, म्हणजे अनुयायांचा समुदाय या अर्थाच्या शब्दापासून, जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. पंथ या अर्थाचा ‘सेक्ट’ त्याचा सख्खा भाऊ आहे. पुढे दोघांचे रूप एक झाल्याने ते एकमेकांत मिसळले. चहाचा सेट, नववीच्या गणितात पहिल्याच प्रकरणात येणारा संच आणि एका ताटलीत दोन-तीन येणारा सेट डोसा ही या दुसऱ्या घराण्यातील मंडळी. माझी फसगत झाली ती याच ठिकाणी: ग्राहकाने पहिल्या घराण्यातला शब्द लिहिला आणि मी तो दुसऱ्या घराण्यातला समजून वाचला. गुजरीतील एखाद्या पेढीवर ‘खडे बसवलेला सेट दाखवा’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्या एका वाक्यात पहिले घराणे मराठीतून आणि दुसरे इंग्रजीतून शेजारी-शेजारी उभे असते, आणि म्हणूनच आपला घोटाळा होत नाही. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी रंगवलेल्या पडद्यांच्या जागी चित्रपटासाठी भरीव देखावे उभे केले आणि ज्या गावात १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली, त्या कोल्हापूरला चित्रीकरणाचा ‘सेट’ नव्याने शिकवायची गरज नाही. पण तो सेट ‘लावतात’, म्हणजे तो पहिल्या घराण्यातला, हे सांगायला एक वाक्य पुरले असते.

हे सांगितले का जात नाही, याचे कारण वर्गाचा नियम. वर्गात मराठी बोलण्यास सक्त मनाई आहे. दाराजवळ पत्र्याचा एक डबा ठेवलेला असतो आणि मराठी वाक्य तोंडातून गेले की त्यात दहा रुपये टाकावे लागतात. नियमामागचा हेतू मी समजू शकते. जिभेला सवय व्हायची तर तिला थोडी सक्ती लागते. परंतु बोलण्याच्या तासाला जो नियम शोभतो, तोच अर्थ समजावण्याच्या तासाला लावला की काय होते, ते तिसऱ्या रविवारी दिसले.

त्या दिवशी प्रत्येकाने आपल्या कामातील एक वाक्य सांगायचे होते. मी माझा ई-मेल फळ्यावर लिहिला. सरांना अर्थ माहीत होता, याचे मला कौतुक वाटले, कारण तो तांत्रिक आहे. त्यांनी ‘पर्मनंट डिफॉर्मेशन’, ‘इलॅस्टिक लिमिट’ असे शब्द वापरून पाच-सहा मिनिटे इंग्रजीत समजावले. वर्ग माना डोलावत होता, पण शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रावर काम करणारा मुलगा, ज्याला सेटर, टूल सेटिंग आणि ऑफसेट हे शब्द दिवसभर लागतात, तोही कोरा दिसत होता. मला आमच्या कारखान्यातील सर्वांत जुने कारागीर आठवले, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो. तो ई-मेल मी त्यांना वाचून दाखवला होता आणि फोनवर कळलेला अर्थ सांगितला होता, तेव्हा हातातील तार खाली न ठेवता ते म्हणाले होते, ‘अवो ताई, स्प्रिंग बसली म्हणून सांगतंय त्यो. एवढ्याला कशाला इंग्रजी पायजे?’ मी उठले आणि वर्गात तेवढे दोनच शब्द बोलले: ‘स्प्रिंग बसली.’ सत्तावीस जणांना एकाच क्षणी कळले. ज्यांच्या गाडीचा पाटा बसला आहे, घरातील गादी बसली आहे, ओरडून ज्यांचा आवाज बसला आहे, त्या सर्वांना ‘टेकन अ सेट’ म्हणजे काय हे पुन्हा कधी विचारावे लागणार नाही. सर हसले, ‘व्हेरी गुड’ म्हणाले आणि त्यांनी डब्याकडे बोट दाखवले. मी दहा रुपये टाकले. वर्गात खर्च झालेले माझे सर्वांत सत्कारणी लागलेले पैसे तेच, आणि माझी तक्रारही त्याच दहा रुपयांची आहे.

ज्यांना उत्सुकता असेल त्यांच्यासाठी सांगते, की त्या स्प्रिंगांवर उपायही याच शब्दाने केला. त्याला ‘प्रीसेटिंग’ म्हणतात. स्प्रिंग हव्या त्या उंचीपेक्षा थोडी उंच गुंडाळायची आणि पाठवण्यापूर्वी कारखान्यातच वेढ्याला वेढा टेकेपर्यंत काही वेळा दाबून सोडायची. मग जेवढी बसायची तेवढी ती आधीच बसून घेते आणि ग्राहकाकडे गेल्यावर उंची सोडत नाही. ‘बसायचं ते हितंच बसूदे,’ ही मामांची व्याख्या मला पुस्तिकेतील कोणत्याही व्याख्येपेक्षा चोख वाटते. कोइमतूरला दुसरी खेप गेली तेव्हा सोबतचा ई-मेल मी स्वतः लिहिला आणि त्यात हा शब्द योग्य जागी वापरला. उत्तर एका ओळीचेच आले, पण या वेळी ते तीनदा वाचून मगच मी आभार मानले.

‘सेटिंग’ या शब्दाचे कोल्हापुरात जे झाले आहे, त्याकडे वर्गाने पूर्ण पाठ फिरवली आहे. एखाद्या कार्यालयातले काम आतून जमवणे, एखाद्या मुलाचे कोणाशी जुळणे, पोरगे नोकरीला लागून संसाराला लागले की ‘सेट झाले’ म्हणणे, हे सगळे अर्थ इंग्रजाला कळणार नाहीत, आणि शेवटच्या अर्थामागे तर ‘सेट’पेक्षा ‘सेटल’ अधिक आहे. कामाच्या पत्रात ‘वुई विल डू द सेटिंग’ असे लिहिणारा तरुण आमच्याच तुकडीत होता. त्याला त्यातून यंत्राची जुळणी म्हणायची होती, म्हणून तो या वेळी वाचला. अशा वाक्यांसाठी अर्धा तास तरी राखून ठेवायला हवा.

एकंदरीत, ज्यांना कामाच्या ठिकाणी इंग्रजी पत्रे वाचावी आणि लिहावी लागतात, त्यांनी हा वर्ग अवश्य करावा. साडेचार हजार रुपये वाया जात नाहीत. परीक्षेसाठी व्याकरण पक्के करायचे असेल किंवा परदेशी जाण्यासाठी उच्चार सुधारायचे असतील, तर मात्र दुसरीकडे जावे. ‘गेट’चे दोन रविवार ‘सेट’इतकेच चांगले होतात, ‘पुट’चा एक घाईत उरकला जातो, आणि ‘मेक’च्या रविवारी आमच्या तुकडीला सरांऐवजी त्यांच्या सहायकांनी शिकवले, ते फिके झाले. नाव नोंदवताना तुकडीत नक्की किती जण आहेत हे विचारून घ्यावे. पोहोचायला पावणेनऊ गाठावेत, म्हणजे पुढच्या तीन बाकांवर जागा मिळते. आणि दहा-दहाच्या चार-पाच नोटा सुट्ट्या जवळ ठेवाव्यात.